पाय थरथरतात, डोकं जागेवर आहे

४ सप्टेंबर

प्रिय मामा,

मामीला साष्टांग नमस्कार. तुला नुसताच नमस्कार, कारण माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर दिलेलं नाहीस. फोन केला तर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतोस, त्यापेक्षा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की मी दुर्बीण घेतली. तुझ्यासारखी गळ्यात अडकवायची नाही. एका डोळ्याने बघायची, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, साठ पट मोठं दाखवणारी. जुनी आहे, पण काच निर्मळ आहे. दिवसभर प्रयोगशाळेत बसून मी लोकांचे खोटे दात घडवते, केसाएवढी चीर नजरेतून सुटत नाही, तेव्हा काच पारखायची अक्कल मला आहे. नाक मुरडू नकोस.

अडचण एकच. ती हातात धरून काही दिसत नाही, तिला तिवई लागते. घरात फोटोच्या कॅमेऱ्याची एक तिवई पडून होती, तिच्यावर चढवून बघितली. समोरच्या गच्चीवरचं कबुतर भूकंपात सापडल्यासारखं दिसलं. मी श्वास सोडला तरी ते हलतं. आणि तिवईचं डोकं, म्हणजे दुर्बीण ज्याच्यावर बसते आणि फिरते तो भाग, कितीही आवळलं तरी हळूहळू मान टाकतं. बघता बघता कबुतर वर जातं आणि मला गच्चीची भिंत दिसायला लागते.

तू अडतीस वर्षं शेतांतून, माळांवरून जमिनी मोजत हिंडलास. मोजणीचं यंत्र आणि त्याखालची ती सागवानी तिवई खांद्यावर घेऊन. ती अजून दाराच्या मागे उभी आहे ना? म्हणजे तीन पायांच्या वस्तूंबद्दल तुझ्याएवढं आपल्या घराण्यात कुणाला कळत नाही. तर कशी तिवई घ्यावी, डोकं कसलं घ्यावं, सविस्तर लिही.

घाई कशाची ते तुला माहीत आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी तुझी तलावावरच्या पक्ष्यांची मोजणी. एकतीस हिवाळे तू ती एकट्याने केलीस, आणि मी सोबत येते म्हटलं की म्हणतोस, आधी धड दुर्बीण आण. आणली. आता तिला पाय तेवढे दे. शिवाय पलीकडच्या काठावरचा तुझा तो इमानी बगळा, अकरा वर्षं एकाच जागी उभा असणारा, मला एकदा जवळून बघायचाय.

तुझी,
चिमटी

६ सप्टेंबर (पोस्टकार्ड)

मामा, घाईत लिहिते. त्रास वाढलाय. पाय थरथरतात. डोकं जड होऊन एका बाजूला कलतं. उंच झालं की जास्तच डुलतं, आणि वारा लागला की संपलंच. समोरचं एकाचं दोन दिसतं. काय घेऊ ते लगेच कळव.
चिमटी

११ सप्टेंबर

प्रिय चिमटे,

तुझं कार्ड आत्ता मिळालं. वाचून मी ताडकन खुर्चीतून उठलो आणि मामीने मला परत बसवलं. पस्तिसाव्या वर्षी पाय थरथरायचं काय कारण? आणि एकाचं दोन दिसतं म्हणजे काय? 'काय घेऊ' म्हणून मला विचारतेस. अगं, मी जमीन बघणारा माणूस, नाडी बघणारा नव्हे. आजच्या आज डॉक्टरकडे जा.

तोवर मी सांगतो तसं वाग. सकाळी जाग आली की लगेच उभं राहायचं नाही. पलंगाच्या काठावर बसायचं, वीस आकडे मोजायचे, मग उठायचं. वळताना आधी पाय वळवायचे, मान मागाहून. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी एक हात भिंतीला. जिना उतरताना कठडा उजवीकडे येईल असं बघायचं. रस्त्यात मध्येच तोल जातोय असं वाटलं तर थांबायचं आणि खिसे चाचपायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी घरी विसरलंय. कुणी विचारत नाही.

घाबरू नकोस. पण अंगावर काढू नकोस.

मामा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पोस्टमन तुझं चार तारखेचं पत्र घेऊन आला. कार्ड आधी आणि पत्र मागून. वरचा सगळा मजकूर रद्द समज. कागद वाया जाऊ नये म्हणून तसाच पाठवतोय. मामी स्वयंपाकघरात हसायला लागली आहे ती अजून थांबलेली नाही. तिवईबद्दल सवडीने लिहितो. बगळ्याची चेष्टा नको.

१८ सप्टेंबर

प्रिय मामा,

माझी प्रकृती ठणठणीत आहे. वीस आकडे मोजून उठते, तेवढं चालू ठेवलंय. खिसे चाचपायची युक्ती तर फारच आवडली. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितली, तेव्हापासून साहेब दिसले की सगळे खिसे चाचपतात. पण मामा, जमीन बघणाऱ्या माणसाला आजारपणाची माहिती बरीच आहे हं.

आता ऐक. मी दुकानात जाऊन आले. दुकानदार गोरागोमटा, सारखा हसणारा. त्याचे दात इतके सरळ आहेत की आमच्याकडचेच असावेत. त्याने एक काळी, कार्बनची तिवई एका बोटावर उचलून दाखवली. चार चार नळ्या एकात एक जाणारे पाय, मिटली की पिशवीत मावते. म्हणाला, ताई, पंधरा किलो वजन पेलते. माझी दुर्बीण दोन किलोचीसुद्धा नाही. वर त्याने गोळ्याचं डोकं बसवून दिलं. एक खटका सैल केला की दुर्बीण वाटेल तिकडे वळते. मला तर सगळंच पटलं. पण तुला विचारल्याशिवाय घेतली तर जन्मभर ऐकवशील, म्हणून हात हलवत परत आले. दुकानदाराचं हसू तेवढं मावळलं.

लवकर लिही. त्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.

चिमटी

२७ सप्टेंबर

प्रिय चिमटे,

ती तिवई घेऊ नकोस. जी वस्तू दुकानदार एका बोटावर उचलतो ती वारा अर्ध्या बोटावर उचलतो.

नीट वाच, परत परत लिहिणार नाही. पंधरा किलो पेलते म्हणजे पंधरा किलो खाली पाडत नाही, एवढाच अर्थ. पेलणं वेगळं आणि स्थिर ठेवणं वेगळं. लग्नाच्या फोटोत मीही तुझ्या मामीला उचललेलं आहे. चेहरा बघ माझा.

पाय बघताना सगळ्यात खालची नळी बघायची. चार नळ्यांच्या पायात शेवटची करंगळीएवढी होते, आणि सगळा भार तिच्यावर. तीन नळ्यांचे, जाड पायांचे घे. कार्बनची असली तर उत्तम, थरथर लवकर शमते, पण जाड अॅल्युमिनियमचीही चालेल. मधला दांडा वर ओढून उंची वाढवायची नाही, तो म्हणजे तिवईवर आणखी एकपायी तिवई. दांड्याला खाली आकडा असला तर त्याला पिशवी लटकव. फार हलकी घेतलीस तर हलेल, फार जड घेतलीस तर घरीच राहील. मधली बघ.

गोळ्याच्या डोक्याचं नाव काढू नकोस. ते फोटोवाल्यांना ठीक. खटका सैल केला की दुर्बीण तोंडावर आपटते. तुला हवं ते डोकं फक्त दोनच दिशांना फिरतं, आडवं आणि वरखाली, आणि आत दाट तेल असल्यासारखं संथ फिरतं. त्याला लांब दांडी असते, ती एका हाताने धरायची. हात सोडला की जिथल्या तिथे थांबलं पाहिजे. माणसं अशी मिळत नाहीत, डोकी मिळतात.

परीक्षा अशी घ्यायची. दुर्बीण दुकानात घेऊन जा. तिवईवर चढव, पूर्ण मोठं करून रस्त्यापलीकडची एखादी पाटी लाव, आणि तिवईच्या पायाला टिचकी मार. अक्षरं किती वेळ नाचतात ते मोज. दोन आकड्यांत थांबली तर घे. दुकानदार काय म्हणतो तिकडे लक्ष देऊ नकोस.

आणि उतारावर उभी करताना दोन पाय खालच्या बाजूला, एक वरच्या बाजूला. उलटं केलंस तर दुर्बीण तलावात जाईल. अडतीस वर्षांत मी यंत्र एकदाही पाडलं नाही ते या एका नियमावर.

मोजणीला यंदा तू एकटीच जा. आम्हाला नेमकं तेव्हा मामीच्या बहिणीकडे जायचंय. तुला वही पाठवून देईन, रकाने आखलेले आहेत.

दाराच्या मागच्या जुन्या सामानाचं विचारलंस. खरं सांगायचं तर पाय थरथरतात. डोकं जागेवर आहे, पण पाय थरथरतात, आणि जुलैपासून जास्तच. असलं सामान तलावाच्या बांधावर न्यायचं म्हणजे मध्येच कुठे बसकण मारेल याचा नेम नाही, सोबतच्याची पंचाईत. पाण्यापर्यंत न्यायचे त्याचे दिवस गेले. कोपऱ्यात आहे ते बरं आहे.

मामा

५ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तू देव आहेस. दुकानात दुर्बीण नेली आणि त्या काळ्या तिवईला टिचकी मारली. समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी मी अकरा मोजेपर्यंत नाचत होती. दुकानदार म्हणाला, टिचकी फार जोरात मारलीत. मी म्हटलं, माझा मामा मारतो ती बघायला हवी होती तुम्ही. आता तो तू सांगितलेल्या दोन तिवया मागवून घेणार आहे.

बाकी मामीच्या बहिणीकडे? जिच्याकडे जायचं नाव निघालं की तुझी दाढ ठणकते तिच्याकडे, आणि तेही नेमकं मोजणीच्या रविवारी? थापा मारायच्या तर जरा बऱ्या मार. तुझ्याशिवाय मी येणार नाही. मला चिखल्या आणि तुतवार या पक्ष्यांतला फरक अजून पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

जुन्या सामानाचं वाचून वाईट वाटलं, पण एक सांगू? पाय गेलेलं सामान घरात अडवून कशाला ठेवतोस? भंगारवाल्याला देऊन टाक. मामीला केर काढायला तेवढीच जागा होईल. डोकं जागेवर आहे म्हणतोस ना, मग ते तेवढं काढून मला दे, बाकीचं जाऊ दे. तुझा जीव अडकतो हे कळतं मला, पण कोपऱ्यात धूळ खात उभं राहण्यापेक्षा ते बरं.

चिमटी

२९ ऑक्टोबर

चि. चिमटीस अनेक आशीर्वाद.

मी मामी. मला पत्र लिहायची सवय नाही, वाण्याची यादी लिहिते तेवढीच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

तुझ्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून तू नंतर दोन कार्डं टाकलीस. ती यांनी वाचली आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सारली. म्हणून मी लिहायला बसले.

जुनं सामान म्हणजे तिवई नव्हे गं. तिवई चांगली मजबूत आहे, तिच्यावर मी टॉवेल वाळत घालते. यांनी ते स्वतःबद्दल लिहिलं होतं. जुलैत हे बांधावर पडले. हाड मोडलं नाही, पण तासभर तिथेच बसून राहिले, हाक मारायची लाज वाटली म्हणून. डॉक्टर म्हणाले, पायांतला तोल कमी झालाय, उजवा हातही कापतो. काठी घ्या, पण चालणं सोडू नका. काठी आणली. ती दाराच्या मागे तिवईशेजारी उभी आहे, जशी आणली तशी. गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली की हात कापतो आणि काही दिसत नाही, म्हणून तीही खुंटीवर गेली. तलावाकडची खिडकी हे उघडू देत नाहीत. मोजणीची वही मला कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला लावली, स्वतःचा हात पोचू नये म्हणून. कुणाला सांगायचं नाही, तुला तर मुळीच नाही, अशी मला ताकीद आहे.

आता आलं तुझ्या लक्षात? 'भंगारवाल्याला देऊन टाक' हे मीच मोठ्याने वाचून दाखवलं, मला काय माहीत पुढे काय आहे. हे एवढंच म्हणाले, बरोबर बोलते ती.

तू रडत बसू नकोस. चूक लपवणाऱ्याची. आणि माझ्या बहिणीकडे आम्ही कुठेही जात नाही, तिला याचा पत्तासुद्धा नाही. पण ऐक. वहीचं बत्तिसावं पान कोरं राहिलं ना, तर हा माणूस त्या खुर्चीतून परत उठायचा नाही. मी चाळीस वर्षं ओळखते यांना. मला एकटीला यांना उठवता येत नाहीये. तू काहीतरी कर.

मामी

३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

मी मूर्ख आहे. मामीचं पत्र तीनदा वाचलं, मग तुझं सत्तावीस तारखेचं काढून वाचलं, मग मी काय लिहून गेले ते आठवलं आणि प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर रडले. हातातल्या कवळीचा एक सुळा वाकडा बसला, तो परत करावा लागला. मला तू हवा आहेस. पायांसकट, डोक्यासकट, आहेस तसा. तिवईच्या आड लपून बोलायची तुला काय गरज होती? आणि मी एवढी हुशार, की मला पलंगाच्या काठावर बसून वीस आकडे मोजायला लावलेस तेव्हाही कळलं नाही की तू रोज सकाळी काय करतोस.

मामीवर रागावू नकोस. रागावलास तर मी दाढ उपटायचा चिमटा घेऊन येईन.

आता कामाचं. मी उभ्याने बघायची तिवई घेणार होते. तो बेत मोडला. माझ्या दुर्बिणीची बघायची नळी वर वाकलेली आहे, त्यामुळे बसूनही बघता येतं. वाकायचं नाही, धरायचं नाही. दुर्बीण तिवई धरते, तू फक्त डोळा लावायचास. हात कापला तर कापू दे, तो तिथे लागतच नाही. तू मला शिकवलंस ते तुला लागू पडत नाही असं थोडंच आहे?

घरापासून बांध सातशे पावलं, तुझीच मोजणी. तुमच्या कामात लांबचं अंतर एका दमात मोजायचा नाहीत ना तुम्ही? साखळी टाकायची, खूण करायची, पुढे जायचं. तसं जाऊ. मध्ये दोन ठिकाणी खुर्च्या ठेवू.

बत्तिसावं पान मी एकटी भरणार नाही. तू आला नाहीस तर ते कोरं राहील आणि त्याखाली मी लिहीन, 'मामा रुसला'.

चिमटी

(सोबतची चिठ्ठी: मामी, मामा खुर्चीत बसलेला असताना जमिनीपासून त्याच्या डोळ्यापर्यंत किती इंच होतात ते मोजून मला गुपचूप कळव. तिवई त्या मापाची घेते. त्याला अजिबात कळू देऊ नकोस.)

१४ नोव्हेंबर

प्रिय चिमटे,

गुपचूप कळवायची चिठ्ठी तू माझ्याच पाकिटात घातलीस. या घरात पाकिटं कोण फोडतं हे तुला ठाऊक नाही? दात करता करता अक्कलदाढ कुणाला देऊन बसलीस?

चिठ्ठी मी परत घडी घालून मामीच्या साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो. ती शिवणाची टेप घेऊन आली. आधी चपलेपासून मोजलं, मग चप्पल काढून मोजलं, मग वर्तमानपत्र हळूच बाजूला करून माझा डोळा कुठे आहे ते बघितलं. अडतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, माझी मोजणी पहिल्यांदाच झाली. चार कोपऱ्यांना हद्दीचे दगड पुरायचे तेवढे राहिले.

तिने तुला बेचाळीस इंच कळवलंय. ते साफ चूक आहे. मी तेव्हा खुर्चीत घसरलेलो होतो. ताठ बसून, भिंतीवर पेन्सिलीने खूण करून मी स्वतः मोजलं, दोनदा. सव्वासेहेचाळीस. दुर्बिणीची नळी वाकडी आहे हे धरून तिवई त्याहून खाली येईल, तो हिशेब तू तुझा कर.

मी येतो असं म्हटलेलं नाही. चुकीचं माप जाऊ नये, एवढ्याच कारणाने लिहिलं.

आणि तू लिहिलेलं ते तू हवा आहेस वगैरे मी वाचलं. मामीने मोठ्याने वाचायला घेतलं होतं, मी पत्र काढून घेतलं आणि आत जाऊन वाचलं. पडलो तेव्हा लागलं नव्हतं, चिमटे. पण तासभर बसून होतो आणि समोर पाण्यात शेकाट्या चालत होत्या, काडीएवढ्या पायांवर, मजेत. तेव्हा मात्र लागलं.

मामा

२३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तिवई घेतली. तीन नळ्यांचे पाय, सगळ्यात खालची नळीसुद्धा माझ्या अंगठ्यापेक्षा जाड. टिचकी मारली आणि पाटी दोन म्हणायच्या आत थांबली. मग दुकानदाराने स्वतः मारून बघितली आणि त्याचंच तोंड उघडं राहिलं. डोकं तू म्हणालास तसलं, संथ फिरणारं. दांडी उजवीकडून काढून डावीकडे बसवता येते. मी डावीकडे बसवून घेतली आहे, का ते तुला कळेल. तुझ्या सव्वासेहेचाळीसला फक्त वरच्या नळ्या थोड्या उघडाव्या लागतात. पाय पसरून बसते, ढकललं तरी हलत नाही. स्वभाव आपल्या मामीसारखा.

दोन दिवस आधी येते. तू फक्त काठी आण. नाक मुरडलंस ना? तूच लिहिलंयस, उतारावर दोन पाय खाली, एक वर. काठीसकट तुझे तीन होतात. तुझाच नियम, अडतीस वर्षं चाललेला. मोडायचा असेल तर लेखी कळव.

चिमटी

२१ डिसेंबर

प्रिय चिमटे,

पोचल्याचं कार्ड मिळालं. आता काही गोष्टींचा जाब दे.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तू गेलीस आणि तिवई इथेच विसरलीस. चार किलोची, माझ्या कमरेएवढी वस्तू, दारात उभी, तिला वळसा घालून तू बाहेर पडलीस आणि विसरलीस. दुर्बीणही तिच्यावरच राहिली. मामीला सांगून गेलीस म्हणे, की दुर्बिणीखालची पट्टी तिवईत अडकली आहे, निघतच नाही, राहू दे. मी एका बोटाने खटका दाबला, निघाली. डाव्या हाताच्या. आणि माझी सागवानी तिवई मात्र चुकून गाडीत चढली. मामीचे टॉवेल आता कुठे वाळायचे?

थापा मारायच्या तर जरा बऱ्या मार, हे तूच मला शिकवलंस.

वही पक्की केली, ती तुला वाचून दाखवतो. बत्तिसावं पान. 'ओळख पटली नाही' या रकान्यात दरवर्षी मी पन्नास-साठ लिहीत आलो, पलीकडच्या काठावरचे ते सगळे ठिपके. यंदा सात. बाकीचे चिखल्या आणि तुतवार निघाले, आणि तुला आता पुस्तक न उघडता दोघांतला फरक सांगता येतो. हे मी पानाच्या तळाशी लिहिलंय. शेकाट्या एकशे बारा. त्यांतली एक लंगडी होती, ती तू दोनदा मोजलीस. मी मोजू दिली.

आता बगळ्याचं. त्या दिवशी तू दुर्बीण लावलीस, डोळा काढलास, परत लावलास आणि उठून मला जागा दिलीस. तेव्हाच मला समजायला हवं होतं. निवृत्त व्हायच्या आधीची माझी शेवटची मोजणी याच तलावाची होती. तेव्हा पलीकडे रोवलेली एक मोजणीची दांडी परत आली नाही. ती हरवली म्हणून मी साहेबांना खुलासासुद्धा लिहून दिला होता. तांबडे-पांढरे पट्टे उडून राखी झालेली, वरचा कापडाचा तुकडा वाकून चोचीसारखा झालेला. अकरा वर्षं मी तिला बगळा म्हणून नोंदवत आलो. एकदा तर शेऱ्यात लिहिलंय, 'प्रकृती उत्तम'. तू हसली नाहीस हे मी विसरणार नाही. मामी हसली, तेही विसरणार नाही. अकरा पानांवर एकेक बगळा कमी केला आणि प्रत्येक ठिकाणी सही केली.

तू गेल्यावर रोज सकाळी बांधावर गेलो. सातशे पावलं, दोन खुर्च्या, मामी मागून तिवई घेऊन. काठी आहे. उतारावर ती खालच्या बाजूला टेकतो. बसतो, डोळा लावतो. उजवा हात मांडीवर कापत राहतो, पण पाण्यातली शेकाटी जागची हलत नाही. आज माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तेवढी हलली. रुमाल काढायला खिसे चाचपले, आणि मामी म्हणाली, काय विसरलंत?

तिवईचे पाय उत्तम आहेत, डोकंही झकास फिरतं. माझं विचारशील तर पाय थरथरतात, डोकं जागेवर आहे. या वेळी स्पष्ट लिहितो, हे माझ्याबद्दल आहे.

काल भंगारवाला दारात आला होता. मी त्याला सांगितलं, यंदा आमच्याकडे काही नाही.

मामा